'अनडिफाइन्ड रेफरन्स': छोटा प्रोग्रॅम जोडताना लिंकर अडतो तेव्हा

"मामा, कालदिन चालत व्हतं, आज काय व्हई गयं?"

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. त्या आठवड्यात त्यांच्याकडे शेतीपंपाची लाईट रात्रीची होती, त्यामुळे अख्खं घर जागं. वडील पाण्यावर गेलेले आणि हा लॅपटॉप घेऊन बसलेला. बोरी नदीकडच्या अंगाला त्यांचं शेत आहे, वेडंवाकडं, एकही बाजू सरळ नाही. याने ठरवलं, शेताचे त्रिकोणी तुकडे पाडायचे, टेपने बाजू मोजायच्या, हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढायचं, 1089 ने भागायचं आणि गुंठे छापायचे. सी भाषेत चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम. कंपायलरने एकही चूक दाखवली नव्हती, तरी प्रोग्रॅम बनत नव्हता.

"काय लिखेल शे?" मी विचारलं.

"एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस."

मी धुळ्याला एका संगणक प्रयोगशाळेत काम करतो. दरवर्षी जुलै-ऑगस्टात दुसऱ्या वर्षाची मुलं हेच वाक्य घेऊन येतात, आणि बहुतेकांनी ते इंटरनेटवर शोधूनही झालेलं असतं. हाती काही लागत नाही, कारण त्या वाक्यात काही नसतंच. 'लिंकर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा, त्याचंच नाव एलडी) नापास होऊन परत आला' एवढाच त्याचा अर्थ. का नापास झाला ते त्याच्या वरच्या ओळीत असतं. तेव्हा शेवटची ओळ सोडा आणि टर्मिनल वर सरकवून पहिली तक्रार वाचा. भाच्याच्या पडद्यावर तिथे होतं: 'इन फंक्शन मेन: अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी'. एसक्यूआरटी म्हणजे वर्गमूळ काढणारं फंक्शन. कोणाला हवंय ते कळलं, काय हवंय तेही कळलं. अर्धं काम इथेच होतं.

(कमांड आणि फाइलींची नावं मी लॅबमध्ये बोलतो तशीच इथे लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

कंपायलर पास करतो, मग लिंकर का अडतो

कंपायलर एका वेळी एकच सी फाइल बघतो. हेडरमध्ये, म्हणजे वर जोडलेल्या .एच फाइलीत, 'या नावाचं फंक्शन आहे, ते दशांश संख्या घेतं आणि दशांश संख्या देतं' एवढं लिहिलेलं दिसलं की त्याचं समाधान होतं. लग्नपत्रिकेवर नाव छापलंय ना, मग माणूस येईलच, असा त्याचा हिशोब. तो ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे मशीन कोडचा अजून न जोडलेला तुकडा, बनवतो आणि तिथे रिकामी जागा सोडतो. मांडवात उभा राहून कोण आलं, कोण नाही हे मोजतो तो लिंकर. नाव छापलंय पण माणूस नाही, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. एकाच नावाचे दोन नवरदेव घोड्यावरून उतरले, तर 'मल्टिपल डेफिनिशन'. लिंकरच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त या दोन जातींच्या असतात.

म्हणूनच लिंकरच्या चुकीत बहुतेकदा ओळ क्रमांक नसतो. तो मूळ सी वाचतच नाही, त्याच्यासमोर तयार मशीन कोड असतो. 'टेक्स्ट अधिक झिरो एक्स अमुक' असं काही दिसतं ते कोडच्या तुकड्यातलं अंतर आहे. कंपाइल करताना -जी लावलंत, तर लिंकर फाइल आणि ओळही सांगू शकतो. मी मुलांना ही सवय पहिल्याच दिवशी लावतो.

पहिला खोडा: हेडर लावलं म्हणजे लायब्ररी आली नाही

भाच्याचं म्हणणं, "मामा, मॅथ डॉट एच तर वर टाकेल शे!" टाकलं होतं. पण मॅथ.एच ही पत्रिका आहे. वर्गमूळ काढणारा खरा कोड लिब-एम या वेगळ्या लायब्ररीत असतो आणि लिनक्सवर तिला नावाने बोलवावं लागतं, -एलएम लावून. प्रिंटएफ न सांगता चालतं, कारण सीची मूळ लायब्ररी जीसीसी, म्हणजे आपला कंपायलर, आपण होऊन जोडतो. तिथूनच 'हेडर टाकलं की झालं' हा गैरसमज रुजतो.

मग 'काल चालत होतं' ते कसं? ही गंमत दरवर्षी कोणाला तरी चकवते. काल त्याने पडताळ्यासाठी आकडे थेट प्रोग्रॅममध्ये लिहिले होते. बाजू 99, 132 आणि 165 फूट. हे आकडे मीच दिले होते. गुंठ्याची बाजू 33 फूट, तिची तिप्पट, चौपट आणि पाचपट घेतली की काटकोन त्रिकोण होतो आणि क्षेत्र बरोब्बर 6534 चौरस फूट, म्हणजे 6 गुंठे येतं. हेरॉनच्या सूत्रात अर्धपरिमिती 198, आणि मुळाखाली 198, 99, 66, 33 यांचा गुणाकार: 42693156. हे सगळे स्थिर आकडे असल्यामुळे जीसीसीने वर्गमूळ कंपाइल करतानाच काढलं आणि उत्तर आत चिकटवून टाकलं. प्रोग्रॅममध्ये वर्गमूळाच्या फंक्शनला हाक मारणारी ओळ उरलीच नाही, मग लिंकर काय शोधणार? आज त्याने बाजू स्कॅनएफने, म्हणजे कीबोर्डवरून, घ्यायला सुरुवात केली, आकडा आधी माहीत नाही, म्हणून खरीच हाक मारावी लागली आणि लायब्ररी नसल्याचं उघडं पडलं.

त्याच्या मित्राच्या विंडोजवर मिनजीडब्ल्यू, म्हणजे विंडोजसाठीचा जीसीसी, आहे, तिथे -एलएम न लावताही सगळं चालतं. तिथे गणिताची फंक्शनं मूळ लायब्ररीतच मिळतात. मॅकवरही तसंच. त्यामुळे 'माझ्याकडे चालतं' हे मित्राचं म्हणणं खरं असतं, पण आपल्या काही उपयोगाचं नसतं.

क्रम: आधी यादी, मग बाजार

"-एलएम लाव," म्हटलं. दोन मिनिटांनी पुन्हा फोन. लावलं, तरी तेच. कमांड वाचून दाखवायला सांगितली:

जीसीसी -एलएम मेन.सी -ओ शेत

इथेच चूक. लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जातो, मागे वळत नाही. आठवडे बाजारात शिरल्यासारखं समजा. हातात 'काय काय कमी आहे' याची यादी, आणि प्रत्येक दुकानात तो फक्त यादीतलं उचलतो. -एलएम सुरुवातीलाच लिहिलं, म्हणजे किराणा दुकान लागलं तेव्हा यादी कोरी होती. काही न घेता तो पुढे गेला. पुढे मेन.सीने यादीत वर्गमूळ लिहिलं, पण दुकान मागे राहिलं. बरोबर क्रम असा:

जीसीसी मेन.सी -ओ शेत -एलएम

आधी गरजू फाइली, मग त्यांची गरज भागवणाऱ्या लायब्ररी. स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे शेवटी .ए असलेली, तिच्याबाबत हा नियम पहिल्यापासून आहे. शेअर्ड लायब्ररीबाबत, म्हणजे .एसओ असलेली, जी प्रोग्रॅम चालताना जोडली जाते, उबंटूने 2011 मध्ये, 11.10 या आवृत्तीपासून, 'लागेल तेवढंच जोडा' हा पर्याय मुळातच चालू ठेवला, आणि तेव्हापासून तिथेही क्रम चुकला की अडतं. त्याआधीच्या जुन्या नोट्समध्ये लायब्ररी आधी लिहिलेली सापडते. त्या काळी ते चालायचं, म्हणून नोट्स लिहिणाऱ्याला दोष देऊ नका.

दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील, तर पहिली पुन्हा एकदा शेवटी लिहावी लागते. दिसायला वेडगळ, पण चालतं. जरा नीटनेटकं करायचं तर लिंकरला स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुप हे पर्याय देता येतात, मग तो त्या गटात गरज भागेपर्यंत फेऱ्या मारतो. छोट्या प्रोग्रॅमला तेवढी वेळ सहसा येत नाही.

प्रोग्रॅमच्या दोन फाइली झाल्या की

आठवड्याने भाच्याने प्रोग्रॅमचे तुकडे केले. मेन.सी, क्षेत्र.सी आणि दोघांसाठी शेत.एच. चांगली सवय. पण आता 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू त्रिकोण_क्षेत्र'. हे तर त्याचं स्वतःचं फंक्शन, शेजारच्याच फाइलीत लिहिलेलं! लिंकरला मात्र शेजार माहीत नसतो. जेवढ्या फाइली कमांडमध्ये लिहाल तेवढ्याच त्याला दिसतात. तो व्हीएस कोड या संपादकातलं चालवायचं बटण दाबत होता, आणि त्या बटणामागची तयार कमांड फक्त उघडलेली फाइल कंपाइल करते. बटण दाबून शिकलेल्या मुलांना आपण नक्की कोणती कमांड देतोय हेच माहीत नसतं. यात मुलांचा दोष कमी, बटण दाबायला शिकवणाऱ्यांचा जास्त, आणि त्यात मीही आलो. कमांड हाताने द्या:

जीसीसी -जी मेन.सी क्षेत्र.सी -ओ शेत -एलएम

बरेच जण याला एक 'उपाय' काढतात: मेन.सीमध्ये क्षेत्र.सीलाच इन्क्लूड करून टाकायचं. चालतं. पण पुढे कधीतरी मेकफाइल येते (मेक या कमांडसाठी जोडणीच्या सूचना लिहिलेली फाइल), ती दोन्ही फाइली वेगवेगळ्या कंपाइल करून जोडते आणि तेच फंक्शन दोनदा येतं. मग 'मल्टिपल डेफिनिशन'. सी फाइल इन्क्लूड करायची नसते, हेडर करायचं असतं.

फाइली बरोबर दिल्या तरी फंक्शन सापडत नसेल, तर नाव अक्षरशः तेच आहे का ते बघा. सीमध्ये लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. पूर्वी स्पेलिंग चुकलेलं फंक्शन कंपायलर फक्त एक वॉर्निंग देऊन सोडून द्यायचा आणि चूक थेट लिंकरपाशी दिसायची. 2024 च्या जीसीसी 14 पासून ती कंपायलरचीच चूक धरली जाते. जुन्या जीसीसीवर काम करत असाल तर 'इम्प्लिसिट डिक्लेरेशन' ही वॉर्निंग दिसली की तिथेच थांबा.

एनएम: नाव कोणाकडे आहे ते विचारा

अंदाज बांधत बसण्यापेक्षा मी एनएम ही कमांड वापरतो, ती फाइलीतल्या नावांची यादी दाखवते. आधी -सी लावून दोन्ही फाइलींच्या ऑब्जेक्ट फाइली बनवा, जोडू नका. मग एनएम मेन.ओ आणि एनएम क्षेत्र.ओ. समोर नावांची यादी येते आणि प्रत्येक नावाआधी एक अक्षर असतं. मोठा यू म्हणजे 'मला हवंय, माझ्याकडे नाही'. मोठा टी म्हणजे 'हे फंक्शन माझ्याकडे आहे'. डी किंवा बी म्हणजे व्हेरिएबल आहे.

मेन.ओमध्ये त्रिकोण_क्षेत्रसमोर यू असणार, ते योग्यच आहे. आता क्षेत्र.ओमध्ये त्याच नावासमोर टी हवा. तिथे लहान टी दिसला, तर फंक्शनला स्टॅटिक लावलंय, म्हणजे ते त्या फाइलीबाहेर कोणालाच दिसत नाही. स्टॅटिक काढा. नावच नसेल, तर फाइल साठवलेली नाही, नाहीतर जुनी ऑब्जेक्ट फाइल पडून आहे. मेक वापरत असाल तर मेक क्लीन करून पुन्हा बनवा. फाइलीची वेळ मागेपुढे झाली की मेकला वाटतं काही बदललंच नाही. पेनड्राइव्हवरून फाइली आणणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी हे कितीदा पाहिलंय.

आणि कधी एनएमच्या यादीत नाव भलतंच दिसतं, पुढे अंडरस्कोर-झेड, मग आकडा, मग नाव, मग शेपटी. फाइल सी++ म्हणून कंपाइल झाली आहे. सी++ फंक्शनच्या नावातच त्याच्या पॅरामीटरचे प्रकार गुंफतं, सी गुंफत नाही, त्यामुळे दोघांची नावं जुळत नाहीत. चुकीच्या ओळीत फंक्शनच्या नावापुढे कंसात 'डबल, डबल, डबल' असे प्रकार दिसले, तर मागणी सी++कडून आहे हे ओळखावं. हेडरमध्ये एक्स्टर्न 'सी'चा कप्पा करून त्यात डिक्लेरेशन टाकलं की सी++ ते नाव गुंफत नाही. आणि एसटीडी सीआउट (सी++मधलं छापायचं साधन) सापडत नसेल, तर इतकं खोल जाऊ नका. सी++ची फाइल जीसीसीने जोडताय, जी++ने जोडा.

कॉलेजात चालतं, घरी 'मल्टिपल डेफिनिशन'

हा त्याचा तिसरा फोन, आणि या वेळी तो खरोखर गोंधळला होता. तीच फाइल, तीच कमांड. लॅबमध्ये उबंटू 20.04, तिथे चालली. घरी 22.04, तिथे 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ एकूण_गुंठे'.

शेत.एचमध्ये त्याने 'डबल एकूण_गुंठे' असं साधं लिहिलं होतं. किंमत दिलेली नाही, फक्त नाव. हेडर दोन फाइलींत गेलं, म्हणजे व्हेरिएबल दोन्हीकडे जन्मलं. जुना जीसीसी अशी बिनकिमतीची जुळी गुपचूप एक करून टाकायचा. मे 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 ने ही सूट मुळातूनच बंद केली. 20.04 वर जीसीसी 9 येतो, 22.04 वर जीसीसी 11. एवढाच फरक. चूक प्रोग्रॅममध्ये आधीपासूनच होती.

"मी तर हेडर गार्ड लायेल शेत," तो म्हणाला. हेडर गार्ड एकाच फाइलीत हेडर दोनदा येऊ देत नाही. दोन वेगळ्या फाइलींत ते एकेकदा येतंच, तिथे गार्डचं काही चालत नाही. उपाय: हेडरमध्ये एक्स्टर्न लावून फक्त 'हे कुठेतरी आहे' सांगायचं, आणि क्षेत्र.सीमध्ये एकदाच, एक्स्टर्नशिवाय, खरं व्हेरिएबल लिहायचं. -एफकॉमन लावून जुनी सूट परत मिळते, दुसऱ्याचा जुना मोठा प्रोग्रॅम एकदा चालवून बघायचा असेल तर लावा. स्वतःच्या चाळीस ओळींना ती कुबडी कशाला?

याचाच उलटा भाऊ म्हणजे इनलाइन. हेडरमध्ये नुसतं इनलाइन लिहिलेलं फंक्शन ऑप्टिमायझेशन लावल्यावर चालतं आणि काढल्यावर सापडत नाही. सी99 चा नियमच तसा आहे. स्टॅटिक इनलाइन लिहा.

मेनच सापडत नाही

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन'. दहापैकी बऱ्याच वेळा कारण इतकं साधं असतं की सांगताना हसू येतं: फाइल साठवलेलीच नाही. संपादकात कोड दिसतो, डिस्कवर फाइल कोरी. व्हीएस कोडमध्ये फाइलीच्या नावाजवळ भरीव ठिपका असेल तर ती साठवायची राहिली आहे. नाहीतर मेनचं मिआन झालेलं असतं, किंवा पहिलं अक्षर मोठं. विंडोजवर मिनजीडब्ल्यू असेल तर तक्रार 'विनमेन'च्या नावाने येते. मुलं मग विनमेन म्हणजे काय ते शोधत बसतात. शोधू नका, मेन बघा.

टर्बो सी अजून असेल तर

काही ठिकाणी डॉसबॉक्समध्ये निळ्या पडद्याचा टर्बो सी हा जुना कंपायलर अजून जिवंत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिथे ग्राफिक्सचा प्रोग्रॅम 'अनडिफाइन्ड सिम्बॉल अंडरस्कोर इनिटग्राफ' म्हणून अडतो. ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज या मेनूत जाऊन ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करा. आणि 'सी-झिरो-एस डॉट ओबीजे उघडता येत नाही' आलं, तर ऑप्शन्समधल्या डिरेक्टरीजमध्ये लायब्ररीचा मार्ग चुकलाय. फोल्डर एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर उचलून ठेवला की हे हमखास होतं. सी-झिरो-एस हा प्रोग्रॅम सुरू करणारा तुकडा, त्यातला एस म्हणजे स्मॉल मेमरी मॉडेल.

उरलेल्या किरकोळ अडचणी

'परमिशन डिनाइड, आउटपुट फाइल उघडता येत नाही', हे विंडोजवरचं. मागच्या वेळी चालवलेला प्रोग्रॅम मागे कुठल्यातरी खिडकीत आकड्याची वाट बघत बसलाय. तो बंद करा.

'कॅनॉट फाइंड -एलएसक्यूलाइट3' म्हणजे लायब्ररी नावाने मागितली पण फाइल मिळाली नाही. उबंटूवर लायब्ररी असून उपयोग नाही, जोडण्यासाठी तिचं डेव्ह पॅकेज लागतं, इथे लिबएसक्यूलाइट3-डेव्ह. लायब्ररी स्वतः बनवून वेगळ्या फोल्डरात ठेवली असेल, तर मोठ्या एलने फोल्डर सांगायचा आणि लहान एलने नाव, सुरुवातीचं 'लिब' आणि शेवटचं .ए किंवा .एसओ गाळून. 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' दिसलं, तर लायब्ररी सापडली आहे, पण 32 आणि 64 बिटांची सरमिसळ झाली आहे.

प्रोग्रॅम बनला, पण चालवताना 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आलं, तर ती लिंकरची तक्रार नव्हे. जोडणी झाली आहे, चालवताना लायब्ररी शोधणारा लोडर अडलाय. एलडीडी लावून बघा, 'नॉट फाउंड' कशासमोर आहे ते दिसेल. लायब्ररी नुकतीच सिस्टिममध्ये टाकली असेल तर सुडो एलडीकॉन्फिग चालवा.

एवढं करूनही अडलंच, तर फोन करताना पडद्याचा फोटो पाठवू नका. फोटोत नेमकी शेवटचीच ओळ येते. दिलेली कमांड आणि पहिल्या तक्रारीपासूनचा मजकूर, दोन्ही कॉपी करून पाठवा. भाच्याला हे शिकवायला मला तीन फोन लागले.

चौथा फोन दुपारी आला, शेतातून. लिंकर गप्प झाला होता, माझा 6 गुंठ्यांचा पडताळाही बरोबर येत होता, पण नदीकडच्या एका तुकड्याचं क्षेत्र 'मायनस नॅन' (नॅन म्हणजे 'हा आकडाच नाही') छापलं जात होतं. बाजू विचारल्या. 40, 65 आणि 110 फूट.

"40 आणि 65 मिळून किती होतात?"

"एकशे पाच." मग थोडा वेळ काहीच नाही, फक्त वाऱ्याचा आवाज. "मामा, टेपनं दुसरं टोक बापूनी धरेल व्हतं."

"मग बापूले सांग, परत धर."